दोराचे दुसरे टोक कुणाच्या हातात?

२०१८ च्या जून महिन्यात जळगाव जिल्ह्यातील वाकडी गावी विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजाच्या मुलांना विवस्त्र करून मारण्यात आले. त्याची चित्रफीत देशभर फिरली. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याला तेव्हा ९१ वर्षे होऊन गेली होती. वाकडीचा निषेध झाला, तो व्हायलाच हवा होता. पण एक प्रश्न मागे राहिला. आपल्या मुलांना पोहायला शिकवते कोण?

ज्याच्या मळ्यात विहीर आहे त्याच्या पोराला बाप नाहीतर चुलता शिकवतो. कमरेला दोर, पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा, आणि दोराचे दुसरे टोक मोठ्या माणसाच्या मुठीत. भूमिहीनाच्या पोराला विहीर नाही, दोर नाही आणि दोर धरणाराही नाही. आईबाप कामावर गेले की ते दगडखाणीच्या डबक्यात उतरते. चोरून उतरते, म्हणून घरी सांगत नाही. "पाण्याकडे फिरकलास तर तंगडं मोडीन," या धाकाने पोर पाण्यापासून लांब राहत नाही, फक्त आपल्या नजरेपासून लांब जाते.

बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही. नाकातोंडात पाणी गेल्यावर श्वासच घेता येत नाही, मग हाक कुठून मारणार? सगळे मिनिटाभरात आणि मुकाट्याने घडते. म्हणून काठावर बसून मोबाईल बघत राहणे याला लक्ष ठेवणे म्हणत नाहीत. शिकणारे मूल हाताच्या अंतरावर हवे, आणि सोबतचा माणूस स्वतः पोहणारा हवा. भोपळा, हवेची ट्यूब ही मदत आहे, राखणदार नव्हे. ट्यूब निसटते, तिची हवा जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात २०२१ साली सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांत जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा. एवढ्या लहान मुलांना पोहणे शिकवून भागत नाही, त्यांना पाण्यापासून दूर सांभाळणारे माणूस लागते. सहा वर्षांपुढच्या मुलांना मात्र पोहणे आणि पाण्यातली सावधगिरी शिकवावी, असे ही संघटना सांगते. बांगलादेशासारख्या गरीब देशाने गावोगाव पाळणाघरे काढली आणि गावच्या तळ्यात बांबूचे मचाण बांधून मुलांना पोहायला शिकवले. त्यासाठी संगमरवरी तलाव लागला नाही.

आपल्याकडे आता शेततळ्याची भर पडली आहे. त्याच्या प्लॅस्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही. चांगला पोहणाराही काठाला येऊन घसरतो आणि दमून बुडतो. शेततळ्यात पोहणे शिकवू नये. चारी बाजूंना गाठी मारलेले दोर सोडायला आणि कुंपण घालायला मालकाला भाग पाडावे. ही मागणी ग्रामसभेत लावून धरण्यासारखी आहे.

एक बुडाला की दुसरा उडी घेतो आणि दोघे जातात. पोहता येत नसेल तर उडी घेऊ नका. दोर, काठी, लुगडे, बंद झाकणाचा रिकामा कॅन, जे हाती लागेल ते फेका. बाहेर काढलेल्या मुलाला उलटे टांगून फिरवू नका, पोट दाबू नका. त्यात वेळ जातो. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा, आणि कुणाला तरी १०८ ला फोन करायला लावा. हे वस्तीतल्या चार पोरापोरींना आरोग्य केंद्रात नेऊन शिकवता येते. पोरींना मुद्दाम, कारण त्यांना पाण्यात उतरूच दिले जात नाही.

पैसा कुठून आणायचा, असे विचारणाऱ्यांनी जयंतीचा हिशेब काढून पाहावा. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात किती मुलांची नगरपालिकेच्या तलावाची महिन्याची फी भरता येईल? तलाव नसेल तर गावातला पट्टीचा पोहणारा शोधा. तो कुठल्याही जातीचा असो, त्याला मानधन द्या, पायऱ्यांची सार्वजनिक विहीर निवडा, उन्हाळ्याची सुट्टी लागताच सकाळची वेळ ठरवा. एका वेळी तीन-चार मुलांहून जास्त पाण्यात नकोत. आणि चौदा एप्रिलच्या वर्गणीतून पहिली खरेदी करा ती पन्नास फूट नायलॉनच्या दोराची.