चार रस्ते, आठ कमानी आणि गरिबांचा बाजार

इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्समधलं चिचेस्टर. रोमनांनी वसवलेलं गाव, त्यामुळे चार दिशांचे चार मुख्य रस्ते आजही भर मध्यात येऊन मिळतात. अगदी त्या नाक्यावर उभा आहे हा १५०१च्या सुमाराचा मार्केट क्रॉस. एखाद्या उघड्या सभामंडपासारखा: अष्टकोनी, आठही बाजूंना कमानी, मध्ये एकच जाडजूड खांब. त्या खांबावरून फासळ्या फुटून छतभर पसरतात. खाली उभं राहून वर बघाच, मान दुखेल पण सोडवणार नाही!

बांधला कुणी? बिशप एडवर्ड स्टोरी यांनी. कशासाठी, तेच मला सगळ्यात आवडतं. बाजारात माल विकायचा तर कर भरावा लागे. अंडी, भाजी असं किडुकमिडुक घेऊन येणाऱ्या गरिबांना तो कुठून परवडणार? या छताखाली मात्र त्यांना फुकट बसता येई. वर पावसापासून आडोसा.

पुढे १७२४ साली लेडी एलिझाबेथ फॅरिंग्टन यांनी घड्याळ दिलं. शहरावरच्या आपल्या लोभाची दर तासाला आठवण राहावी म्हणून, असं तिथे कोरलंय. कोनाड्यात पहिल्या चार्ल्स राजाचा अर्धपुतळाही आहे. तो मात्र प्रतिकृती.

१८०८मध्ये नॉर्थ स्ट्रीटवर जॉन नॅशच्या आराखड्याचं मार्केट हाऊस उभं राहिलं आणि विक्रेते तिकडे गेले. तीही इमारत चालत दोन मिनिटांवर आहे, चुकवू नका.