तांब्याच्या खोलीतली तार

आमच्या साखरखेर्ड्याचा पेशंट एमआरआयसाठी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठतो. गाडीभाडं, नंबर, उपाशीपोटी ताटकळणं, एवढं सोसल्यावर फोटोवर ठिपक्यांची आडवी-उभी रेघ उमटली तर जीव तुटतो. मी एमआरआयच्या खोल्यांच्या वायरिंगचं काम करतो. ती रेघ बहुतेकदा बाहेरून घुसलेल्या रेडिओलहरींची असते.

१.५ टेस्लाचं मशीन शरीरातल्या हायड्रोजनचे सुमारे ६४ मेगाहर्ट्‌झचे अतिशय क्षीण संकेत टिपतं. म्हणून भिंती, छत, जमीन, दार सगळं तांब्याच्या पत्र्यानं मढवतात. मायकेल फॅरेडेनं १८३६ मध्ये दाखवलेलं तत्त्व हेच. पण त्या पत्र्यातून एक साधी नेटवर्क केबल आत नेली, की ती अँटेना होते. बाहेरचा गोंगाट तिच्यावरून थेट आत!

विजेच्या तारांना भिंतीतच फिल्टर बसतो. तो ५० हर्ट्‌झ सोडतो, वरचं अडवतो. नेटवर्कचं दुखणं वेगळं. गिगाबिट केबलवरचा संदेशच जवळजवळ ६२ मेगाहर्ट्‌झपर्यंत पसरलेला असतो. गोंगाट अडवावा तर संदेशही अडतो.

म्हणून माझा आग्रह ऑप्टिकल फायबरचा. प्रकाशावर रेडिओलहरी स्वार होत नाहीत. भोकातून रेडिओलहरी आत शिरू नयेत म्हणून पत्र्याला पक्की जोडलेली, व्यासाच्या कितीतरी पट लांब धातूची नळी बसवायची आणि तिच्यातून फायबर न्यायची. फायबरच्या केबलमध्ये आधाराची लोखंडी तार मात्र नको, नाहीतर पुन्हा तेच.

नवं केंद्र उभारणाऱ्या डॉक्टरांना हात जोडून सांगतो: पत्रा ठोकण्याआधीच या नळीची जागा ठरवा.