घोडे, पैसा आणि कर: ब्रिटनच्या अश्वशर्यतींच्या नियामक संस्थेतील नेतृत्वबदलाचा अर्थ
लंडन/नवी दिल्ली, सप्टेंबर २०२५: ब्रिटनमधील अश्वशर्यतींचे नियमन करणाऱ्या ब्रिटिश हॉर्सरेसिंग अथॉरिटी अर्थात बीएचएच्या अध्यक्षपदाची सूत्रे लॉर्ड चार्ल्स ॲलन यांनी १ सप्टेंबर रोजी स्वीकारली. त्यानंतर दहाच दिवसांत, १० सप्टेंबरला, ब्रिटनमध्ये एकही घोडा धावला नाही. कार्लाइल, अटॉक्सिटर, लिंगफील्ड आणि केम्प्टन येथील त्या दिवशीच्या शर्यती दुसऱ्या तारखांना घेण्याचे ठरले आणि सरकारच्या करप्रस्तावाच्या निषेधार्थ या क्षेत्राने आधुनिक काळात प्रथमच स्वेच्छेने शर्यती बंद ठेवल्या. नव्या अध्यक्षांपुढे काय वाढून ठेवले आहे, याची कल्पना एवढ्यावरून यावी.

मुळात ॲलन यांनी २ जून रोजीच पदभार घेणे अपेक्षित होते. आधीचे अध्यक्ष जो सॉमारेझ स्मिथ यांनी कर्करोगाशी झुंज देत संस्थेचा कारभार सांभाळला आणि मेअखेरीस ते पायउतार झाले. मात्र ॲलन यांचे आगमन तीन महिने लांबले. मधल्या काळात डेव्हिड जोन्स यांनी हंगामी अध्यक्ष म्हणून काम पाहिले. मुख्य कार्यकारी अधिकारी ज्युली हॅरिंग्टन यांनी २०२४ च्या अखेरीस पद सोडले होते. त्यांच्या जागी आधी हंगामी म्हणून आलेले ब्रँट डनशे यांनाच पुढे कायम करण्यात आले. म्हणजे वर्षभरात संस्थेची दोन्ही सर्वोच्च पदे बदलली.

हा विलंब का झाला, हे समजण्यासाठी संस्थेची घडण पाहावी लागते. १७५० च्या सुमारास स्थापन झालेला जॉकी क्लब हा उमरावांचा खासगी क्लब दोन शतकांहून अधिक काळ शर्यतींचे नियम ठरवत असे. १९९३ मध्ये ब्रिटिश हॉर्सरेसिंग बोर्ड आले, तर २००७ मध्ये प्रशासन आणि नियमन एकत्र करून बीएचएची स्थापना झाली. जॉकी क्लब आता नियम करत नाही, परंतु न्यूमार्केट, एप्सम, चेल्टनहॅम, एन्ट्री यांसह १५ रेसकोर्स त्याच्याच मालकीचे आहेत.

बीएचएचे सदस्य चार आहेत: रेसकोर्सचालकांची संघटना, घोडेमालकांची संघटना, पैदासकारांची संघटना आणि परवानाधारकांचा, म्हणजे प्रशिक्षक, जॉकी व तबेल्यातील कर्मचाऱ्यांचा गट. संचालक मंडळावर स्वतंत्र संचालकांबरोबर या सदस्यांनी सुचविलेल्या व्यक्तीही बसतात. नियम करणाऱ्यांच्या मेजावर नियम पाळणारेच बसलेले, अशी ही रचना आहे. मंडळ पूर्णपणे स्वतंत्र असावे, हा ॲलन यांचा आग्रह होता आणि पदभार घेण्यापूर्वी त्यांनी सर्व घटकांशी त्याविषयी चर्चा केली. आयटीव्ही या दूरचित्रवाणी कंपनीचे माजी प्रमुख आणि २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेच्या आयोजन समितीचे अध्यक्ष राहिलेला हा मजूर पक्षाचा लॉर्ड शर्यतींच्या पारंपरिक वर्तुळातला नाही. कदाचित हीच त्यांची जमेची बाजू ठरेल.

या मतभेदांच्या मुळाशी पैसा आहे. शर्यतींचे चित्रण सट्टा कंपन्यांना विकण्याचे हक्क रेसकोर्सकडे असतात, त्यामुळे ते उत्पन्न प्रथम त्यांच्या तिजोरीत जाते. शर्यती जितक्या अधिक, तितके त्यांचे उत्पन्न अधिक. उलट घोडा पोसण्याचा खर्च मालकाच्या माथी आणि बक्षिसाच्या रकमेतून तो भरून निघणे दुर्मीळ. शर्यती किती असाव्यात आणि बक्षिसे किती असावीत, हा वाद म्हणूनच वर्षानुवर्षे मिटत नाही. उत्पन्नाचा दुसरा झरा म्हणजे १९६१ च्या कायद्यानुसार घेतली जाणारी लेव्ही. ब्रिटिश शर्यतींवरील पैजांतून बुकमेकरला होणाऱ्या पाच लाख पौंडांवरील ढोबळ नफ्याचा १० टक्के हिस्सा तिच्याद्वारे शर्यतींकडे येतो. वर्षाकाठी ही रक्कम १० कोटी पौंडांहून अधिक भरते. आयर्लंड वा फ्रान्समधील शर्यतींवर ब्रिटनमध्ये लागणाऱ्या पैजांमधून मात्र काहीच मिळत नाही.

आता कराचा प्रश्न. २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये ऑनलाइन पैजांवर १५ टक्के, तर ऑनलाइन कॅसिनोसारख्या खेळांवर २१ टक्के कर होता. दोन्हींचा मिळून एकच कर करण्याचा प्रस्ताव सरकारने एप्रिल २०२५ मध्ये चर्चेला ठेवला. शर्यतींच्या पैजांवरही २१ टक्के कर लागू झाल्यास वर्षाला किमान ६.६ कोटी पौंडांचा फटका बसेल, असे बीएचएचे म्हणणे होते. कर बुकमेकर भरणार, हे खरे. पण तो घटलेला नफा लेव्ही, प्रायोजकत्व आणि पैजांच्या दरांमधून वसूल करील. या क्षेत्रावर ८५ हजार रोजगार अवलंबून असल्याचा दावाही केला जातो. घोड्याची पारख आणि अभ्यास यांवर आधारलेली पैज व यंत्राच्या चकत्या फिरवून लागणारी पैज यांना एकाच तागडीत तोलू नये, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद आहे.

भारतीय वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. अश्वशर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मणन खटल्यात १९९६ मध्येच दिला. तरीही ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आहे. ब्रिटनमधील वाद बुकमेकरच्या नफ्यावरील कराचा होता, तर आपल्याकडे कर पैजेच्याच रकमेवर बसतो, हा फरक लहान नाही. शिवाय भारतात बीएचएसारखी एकच राष्ट्रीय संस्था नाही. मुंबई व पुण्याच्या शर्यती भरवणारा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब तसेच कोलकाता, बेंगळुरू, चेन्नई आणि हैदराबाद येथील क्लब आपापल्या अखत्यारीत नियम राबवतात आणि समान प्रश्नांसाठी एकत्र बसतात. दिल्लीदरबारी सर्वांच्या वतीने बोलणारा एक अध्यक्ष त्यांच्याकडे नाही.

ब्रिटनचा अर्थसंकल्प २६ नोव्हेंबर २०२५ रोजी सादर झाला. कराचा निर्णय तोपर्यंत अर्थमंत्री रेचल रीव्हज यांच्या हाती होता. लॉर्ड ॲलन त्यांच्याच पक्षाचे असल्याने मंत्रालयाचे दार उघडणे त्यांना तुलनेने सोपे जाईल, असे तेव्हा मानले जात होते. रेसकोर्सचालक आणि घोडेमालक यांना एका मेजाभोवती बसवण्याचे काम त्यापेक्षा अवघड दिसत होते.