परिचर्या नोंदी, इलेक्ट्रॉनीय

रुग्णाची प्रकृती व त्याची केलेली शुश्रूषा यांची परिचारिकेने संगणकात ठेवलेली नोंद. तापमान, नाडी, श्वसन, रक्तदाब, दिलेले औषध, त्याची मात्रा व वेळ इत्यादींचा तीत समावेश होतो. पाळी बदलताना हीच माहिती पुढील परिचारिकेकडे सोपविली जाते. पूर्वी ती केवळ केसपेपरवर व खाटेजवळच्या तक्त्यावर लिहीत.

भारत सरकारने अशा नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली व २०१६ मध्ये सुधारली. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानात १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाला रुग्णाच्या संमतीने नोंदी जोडता येतात. राजगुरुनगरसारख्या ठिकाणी या सोयीचे मोल विशेष आहे. पुणे–नाशिक मार्गावरील या तालुक्याच्या गावाहून गंभीर रुग्ण चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील वर्दळीतून पिंपरीस वा पुण्यास न्यावा लागतो. सोबतच्या चिठ्ठीवर वेळ नसेल, तर अखेरचे इंजेक्शन केव्हा दिले हे तेथील परिचारिकेस कळत नाही व मात्रा दुबार दिली जाण्याचा धोका राहतो.

नोंद त्याच क्षणी झाली, तरच ती उपयोगी पडते. संगणक थोडे व रुग्ण पुष्कळ, अशा कक्षात परिचारिका आधी कागदावर टिपते व पाळीच्या अखेरीस ते संगणकात भरते. श्रम दुप्पट होतातच. शिवाय यंत्राने आपोआप घातलेली वेळ औषध देण्याची नसून टंकनाची असते. ही चूक कागदावरील चुकीहून घातक होय. कारण छापील आकड्यांविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. रुग्णाच्या मनगटपट्टीवरील व औषधाच्या वेष्टनावरील बारकोड खाटेपाशीच वाचण्याची सोय असल्यास ही तफावत बरीच कमी होते.