सेवाग्रामचं आनंद निकेतन : बालवाडीपासून तरुणपणापर्यंतची शाळा

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदिवान झाले. त्यांच्यातल्या तिघांना शाळेच्या प्रश्नाने आधीपासून किंवा नंतर कायमचं बांधून घेतलं. आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त प्रांताच्या शिक्षणाचा फेरविचार झाला होता. आचार्य कृपलानींनी १९३९ मध्ये गांधीजींच्या बुनियादी शिक्षणाची बाजू मांडणारं पुस्तक लिहिलं होतं. मौलाना आझाद पुढे स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले आणि साहित्य, संगीत नाटक व ललित कला या तिन्ही अकादमी त्यांच्याच कारकिर्दीत उभ्या राहिल्या. किल्ला पाहायला येणाऱ्यांना नेहरूंनी तिथे लिहिलेल्या ग्रंथाची गोष्ट हमखास ऐकायला मिळते, या तिघांच्या शिक्षणविचाराची सहसा नाही. तो विचार प्रत्यक्ष जगून पाहणारी शाळा त्याच काळात वर्ध्याजवळ सेवाग्रामला चालू होती.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक उत्पादक हस्तोद्योग, असा बुनियादी शिक्षणाचा, म्हणजेच नई तालीमचा, आराखडा तिथे ठरला. झाकिर हुसेन समितीने त्याला अभ्यासक्रमाचं रूप दिलं. १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने तो स्वीकारला आणि हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. संघाचं काम सेवाग्रामला उभं केलं ते ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने. ते सिलोनचे, त्या बंगाली. दोघंही रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातून आलेले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गांधींचा चरखा आणि रवींद्रनाथांचं गाणं यांत विरोध आहे असं आपण उगाच धरून चालतो. सेवाग्रामच्या शाळेत हे दोन्ही एकाच दिवसात, एकाच मुलाच्या वाट्याला येत होते.

दिवसाची सुरुवात सफाईने आणि प्रार्थनेने होई. मग शेत, स्वयंपाकघर, कताई, आणि त्यांच्या आगेमागे गणित, भाषा, विज्ञान. कापूस हा मुख्य धागा. वर्धा म्हणजे कपाशीचाच मुलूख, त्यामुळे मुलांना उदाहरण शोधायला लांब जावं लागत नव्हतं. वेचणी, सरकी काढणं, पिंजणं, पेळू करणं, तकलीवर किंवा चरख्यावर सूत काढणं, मग विणकाम. यातली प्रत्येक पायरी एक धडा होऊ शकते. चार फुटांचा एक तार, असे ६४० तार म्हणजे एक गुंडी; म्हणजे एका गुंडीत २,५६० फूट सूत. पोराने स्वतः काढलेल्या सुताचा हा गुणाकार असतो, त्यामुळे तो चुकला तर त्याला स्वतःलाच कळतो. बोंड कसं फुटतं हे विज्ञान, कापूस मँचेस्टरला का गेला हा इतिहास. कामातून ज्ञानाकडे जाण्याच्या या रीतीला समवाय म्हणत, आणि सगळी मदार त्यावर होती.

कलेला तिथे जे स्थान मिळालं, त्याचं मोठं श्रेय देवी प्रसाद यांना जातं. डेहराडूनला जन्मलेला हा तरुण शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकला. ज्या नंदलालांनी खानदेशातल्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट बांबू आणि चटयांसारख्या गावच्याच सामानातून केली होती, ते हे नंदलाल. देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत राहिले. चित्रकार, कुंभकार आणि शिक्षक हे तिन्ही त्यांच्यात एकत्र होते. मुलाला चित्र काढायला शिकवण्यापेक्षा त्याला चित्र काढू द्यावं, मोठ्यांचे नमुने गिरवायला लावू नयेत, आणि कलेतून माणूस शांतपणे, हिंसेविना जगायला शिकतो, असं ते मानत. पुढे त्यांनी कला हाच शिक्षणाचा पाया, हा विचार पुस्तकरूपाने मांडला.

१९४५ मध्ये नई तालीमची व्याप्ती वाढली. पूर्व बुनियादी, बुनियादी, चौदा ते अठरा वयाची उत्तर बुनियादी, आणि त्यापलीकडे प्रौढांचं शिक्षण, असा सबंध आयुष्याचा पट आखला गेला. उत्तर बुनियादीतल्या मुलामुलींनी आपला खर्च आपल्या श्रमातून भागवावा, अशी अपेक्षा होती.

मग हे सगळं का मावळलं? सरकारांनी बुनियादी शाळा काढल्या, तकल्या वाटल्या. पण समवाय जाणणारे शिक्षक तयार केले नाहीत. तकली राहिली, तिच्यामागचं गणित, गाणं आणि चित्र गेलं. उत्तर बुनियादीच्या मुलांना विद्यापीठाचं दार सहज उघडत नव्हतं, आणि श्रमाची शाळा म्हणजे गरिबाची शाळा, असं पालकांच्या मनात बसलं. त्या पालकांना मी दोष देणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वाट्याला फक्त श्रम आले, त्यांना पुस्तक हवंसं वाटणं अगदी रास्त होतं. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सुचवला. आपल्या बहुतेकांच्या आठवणीत तो शेवटच्या तासाला उरकलेल्या कागदकामापुरता आहे. सेवाग्रामची मूळ शाळाही बंद पडली.

२००५ मध्ये नई तालीम समितीने ती शाळा, म्हणजेच आनंद निकेतन, पुन्हा सुरू केली. मराठी माध्यम, बालवाडीपासून दहावीपर्यंत. शेती, स्वयंपाक, कताई, शिवण, संगीत, चित्र हे सगळं वेळापत्रकात आहे, आणि मुलं दहावीची बोर्डाची परीक्षाही देतात. आसपासच्या गावांतली साधी मुलं तिथे शिकतात. कला म्हटलं की महागडी निवासी शाळा डोळ्यांसमोर येते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आपल्या नगर जिल्ह्यात चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांना मुलं हौसेने बसतात, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. पण नववी लागली की गाणं, माती, रंग मागे पडतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि हस्तोद्योग सगळ्या विषयांत गुंफायला सांगितलं आहे. त्यासाठी नवं काही शोधून काढायची गरज नाही. ऊस, ज्वारी, कांदा यांतून समवाय साधणारे शिक्षक हवेत, आणि चित्र-संगीताच्या शिक्षकांच्या जागा भरायला हव्यात. शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून बसणाऱ्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय लेखी मांडावा. आणि वर्ध्याला जाणं झालं, तर सेवाग्रामची गांधीजींची बापूकुटी पाहून परत फिरू नका. आधी विचारून आनंद निकेतनचा एक पूर्ण दिवस पाहून या.