'व्हर्ट_टू_बस'ला अखेर रजा

लिनक्स कर्नलमधून 'व्हर्ट_टू_बस' हे फंक्शन हटवण्याचे काम ऑक्टोबर २०२२मध्ये आलेल्या ६.० आवृत्तीत जवळजवळ पुरे झाले. 'हे वापरू नये' अशी पाटी त्यावर वीसेक वर्षे होती. पाटी वाचून कोणी थांबत नाही, हा अनुभव रस्त्यावरचा तसाच कर्नलमधलाही.

मेमरीतल्या एकाच जागेला तीन पत्ते असू शकतात. प्रोसेसरवरचा कोड व्हर्च्युअल पत्ता वापरतो, रॅमला भौतिक पत्ता लागतो आणि डिस्कचे किंवा नेटवर्कचे कार्ड प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत लिहिते, म्हणजे डीएमए करते, तेव्हा त्याला बसचा, म्हणजे कार्डाच्या बाजूने दिसणारा, पत्ता हवा असतो. सोयगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल: जमीन तीच, पण जुना सर्व्हे नंबर वेगळा आणि एकत्रीकरणानंतरचा गट नंबर वेगळा. एकावरून दुसरा हिशेबाने निघत नाही, दप्तर उघडावे लागते. व्हर्च्युअल पत्त्यावरून बसचा पत्ता काढणारे 'व्हर्ट_टू_बस' मात्र नुसती बेरीज-वजाबाकी करून मोकळे होई.

साध्या पीसीवर ते खपून गेले, कारण तिथे भौतिक पत्ता आणि बसचा पत्ता एकच होता. अल्फा प्रोसेसरच्या यंत्रांवर दोन्हींत अंतर होते, पण ठरलेले. कार्डांच्या पत्त्यांचे भाषांतर करणारी आयओएमएमयू ही यंत्रणा आल्यावर हे बिनसले. कार्डाचा पत्ता आता त्या त्या वेळी तक्त्यात नोंदवला जातो आणि नोंद नसलेल्या मेमरीला कार्ड हातही लावू शकत नाही. शिवाय ३२ बिटांच्या कार्डाला ४ जीबीपलीकडची मेमरी दिसत नाही; तिथे मधला बफर वापरून नक्कल करावी लागते.

मेमरी कुठून घेतली, यावरही बरेच ठरते. 'केमॅलॉक'ने दिलेली मेमरी भौतिकदृष्ट्या सलग असते, 'व्हीमॅलॉक'ची नसते, म्हणून तिच्यावर नुसता हिशेब चालत नाही. डिसेंबर २०१६च्या ४.९ आवृत्तीत कर्नलचा स्टॅक 'व्हीमॅलॉक'च्या मेमरीत ठेवण्याची सोय झाली आणि स्टॅकवरूनच डीएमए करणारे ड्रायव्हर उघडे पडले. तसे करणे आधीही चूकच होते.

'व्हर्ट_टू_बस'च्या जागी आलेल्या 'डीएमए_मॅप_सिंगल' किंवा 'डीएमए_अलॉक_कोहेरंट' या फंक्शनांना पत्ता कोणत्या उपकरणासाठी हवा, हेही सांगावे लागते. सारी मेख इथेच आहे. काम झाल्यावर मॅपिंग सोडावेही लागते.

शेवटची साफसफाई कर्नल विकसक आर्न्ड बर्गमन यांनी केली. त्यांच्या कामाची रीत अनुकरणीय आहे: उरलेला एकेक ड्रायव्हर सुधारायचा किंवा काढायचा आणि मग मूळ फंक्शनच उडवायचे, म्हणजे नव्याने कोणी वापरले तर कोड कंपाइलच होणार नाही. बसलॉजिक या स्कझी कार्डाचा ड्रायव्हर त्यात अडून बसला होता. कार्डे १९९०च्या दशकातली. पण व्हीएमवेअर त्याच कार्डाची हुबेहूब नक्कल आभासी यंत्रांना पुरवते, त्यामुळे त्याला वापरणारे उरले होते. तो ड्रायव्हर सुधारावा लागला.

अमिगा संगणक, व्हीएमई बसवरची यंत्रे आणि जुने ३२ बिटी पॉवरपीसी मॅकिंटॉश यांचे मोजके ड्रायव्हर तेवढे वगळले गेले. त्या यंत्रांवर जुना हिशेब बरोबर येतो, म्हणून त्यांना हात न लावणेच शहाणपणाचे ठरले.