वाळूतली ओस घरे

कोकणातून नोकरीसाठी अमिरातीत आलो, तेव्हा सुट्टीच्या दिवशी मॉलखेरीज जायचे कुठे, हा प्रश्न पडला. उत्तर रास अल खैमातल्या अल जझिरा अल हमरा गावात मिळाले. समुद्रातून मोती काढणाऱ्यांचे हे गाव १९६८ साली ओस पडले. झाब कबिल्यातले बहुतेक लोक अबू धाबीला गेले. प्रवाळ दगडाच्या भिंती, किल्ला आणि मशीद मात्र उभी आहे. शारजातल्या अल मदामला तर वाळू थेट घरांच्या खोल्यांत शिरली आहे.

मुलांनी विचारले, “अब्बू, हे लोक कुठे गेले?” आम्ही त्यांना गावाकडच्या आपल्या कुलूपबंद घरांविषयी सांगितले.

जायचे तर हिवाळ्यात, पाणी सोबत घेऊन. भिंतींवर चढू नका, काही उचलू नका. ही कुणाची तरी घरे आहेत.